व्हिएतनामला कुठली लेन्स न्यायची: बेळगावातल्या नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

१२ जानेवारी, रविवार

तिकिटं झाली एकदाची. ८ मार्चला रात्रीच्या बसनं बेळगाव सोडायचं, मुंबईहून हनोई, मग हा लाँगचा उपसागर, तिथनं दा नांगला विमानानं जाऊन होई आन आणि मी-सन, १८ ला परत. आम्ही चौघं, मी, बायको, नऊ वर्षांची पोरगी आणि आई. हातातल्या बॅगेला माणशी ७ किलो. मी उद्यमबागात मशीनशॉपमध्ये आहे, तिथं मोजल्याशिवाय कुठल्या कामाला हात लावत नाही, म्हणून पहिलं काय केलं तर आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला आणि सगळं एकेक करून त्याच्यावर ठेवलं. वेबसाइटवर वजन असतं ते उघड्या लेन्सचं, आपण नेतो ती पुढची-मागची टोपणं, हूड, फिल्टर सकट, त्यामुळं ३०-५० ग्रॅम जादाच भरतं.

निकॉन डी७५०० कॅमेरा बॅटरी-कार्ड धरून ७२०. पुढं लेन्सच्या नावातला पहिला आकडा फोकल लेंथचा, लहान तेवढं रुंद दिसतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं, आणि एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत. किटमधली १८-१४० आली ५४५. टोकिना ११-१६ एफ २.८, हा दगड आहे, ६१०. ३५ एफ १.८ फक्त २२५. ७०-३०० एएफ-पी (नव्या ऑटोफोकस मोटरची) ४६५, जुनी ५० एफ १.८ डी १८०. चार्जर आणि जादा बॅटरी २३५, ट्रायपॉड १३००, आणि रिकामी बॅग १४००! म्हणजे बॅगच दोन लेन्सपेक्षा जड, हे सहा वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. सगळं मिळून ५ किलो ६८०. उरल्या १३२० ग्रॅममध्ये कागदपत्रं, आईची औषधं, पॉवरबँक, पोरगीचा स्वेटर. जमत नाही. काहीतरी घरी राहणार हे आजच ठरलं, काय ते ठरायचंय. एवढ्यात आईनं काटा मागितला, संक्रांतीचे तीळ मोजायचे होते.

१४ जानेवारी, संक्रांत

पहिला दणका. घरच्यांचे फोटो काढायला ५० न्यावी असं मनात होतं, हलकी आहे, चेहरे छान येतात. खरं ती गेल्या पावसाळ्यापासून कपाटातच. आज मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढनं बघितली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. बेळगावचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर कपड्यांना वास, चपलांना पांढरं, मग लेन्स काय सुटणार, आणि मी शहाणा ती लेदरच्या पाऊचमध्ये ठेवलेली, म्हणजे बुरशीला घर आणि जेवण दोन्ही. बाकीच्या चार तशाच टॉर्चनं बघितल्या, स्वच्छ आहेत, देवाची कृपा.

कोल्हापुरात एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडं कुरियरनं पाठवली. १६०० रुपये सांगितलेत. बाकीच्यांसाठी रबराच्या कडेचा घट्ट डबा, सिलिका जेल आणि आत ठेवायचं छोटं आर्द्रतामापक आणलं, तिन्ही मिळून ७४०. मापकाचा आकडा ४० ते ५० मध्ये ठेवायचा, ६० च्या वर गेला की सिलिका तव्यावर गरम करून परत आत. हे सगळं जून २०२४ ला करायला पाहिजे होतं.

१९ जानेवारी, रविवार

आज अख्खा दिवस कॉम्प्युटरपुढं. जो तो सांगतो की जुने फोटो कुठल्या फोकल लेंथला काढलेत ते बघा, तेवढीच लेन्स न्या. १८-१४० नं काढलेले तीन ट्रिपचे फोटो एकत्र केले, हंपी, कोकण आणि गोकाक धबधबा, ३८४२ निघाले. त्यातले १४६० बरोब्बर १८ ला, ६१० बरोब्बर १४० ला. म्हणजे अर्ध्याच्या वर फोटो झूमच्या दोन टोकांना. मी लगेच अर्थ काढला की मला अजून रुंद पण पाहिजे आणि अजून लांबचं पण पाहिजे, टोकिना पण न्यायची, ७०-३०० पण न्यायची. बायकोला सांगून पण टाकलं.

जेवल्यावर डोकं जरा जागेवर आलं. १८ वाल्यांतले कुठलेही १०० उघडून एकेक बघितले. ६३ फोटो असे की तिथं रुंदीची काही गरजच नव्हती, कॅमेरा बॅगेतून काढला, झूम १८ वर होतं, तसंच दाबलं. पोरगी कोपऱ्यात मुंगीएवढी आणि वर नुसतं आभाळ. निव्वळ आळस. खरोखर पाठ भिंतीला टेकली, मागं सरकायला जागा नाही, असे निघाले फक्त १४. बाकीचे इकडचे ना तिकडचे. तेव्हा हा तक्ता कुणी करणार असाल तर आकड्यावर थांबू नका, फोटो उघडून बघा. माझा सकाळचा निष्कर्ष चार तासांत उलटा झाला.

२५ जानेवारी, शनिवार

रंगीत तालीम. सगळी बॅग पाठीवर घेऊन संध्याकाळी खडेबाजार ते गणपत गल्ली, घरच्यांबरोबर, कारण व्हिएतनामला पण घरचेच असणार आहेत. हनोईच्या जुन्या वस्तीत गल्ल्या, स्कूटर, फूटपाथवर मांडलेली दुकानं, आपल्याकडं शनिवारी संध्याकाळी याहून वेगळं काय आहे.

पाऊण तासात चार वेळा लेन्स बदलली. पहिल्यांदा भांड्यांच्या दुकानासाठी टोकिना. मग फुलवालीचा हात दिसला म्हणून ३५, तोवर तिनं गजरा बांधून गिऱ्हाईकाला दिला पण. तिसऱ्यांदा मागचं टोपण तोंडात धरून, एक लेन्स काखेत, एक हातात, रस्त्याच्या मधोमध, आणि मागनं रिक्षावाला कन्नडमधून माझा उद्धार करायला लागलेला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही निवांत बदला, आम्ही कुंदा घेऊन येतो." घेऊन आल्या, तरी माझं चालूच. आई मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, तिचे गुडघे दुखायलेत ते मला घरी आल्यावर कळलं.

फोटो बरे आलेत. खरं एकाही फोटोत पोरगी नाही.

२८ जानेवारी

शनिवारच्या फोटोंत आभाळात काळे ठिपके. एफ ११ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघितला, सात ठिपके मोजले. बाजारातली धूळ सेन्सरवर. ब्लोअरनं पाच गेले, दोन चिकटून बसले. मशीनशॉपमधली सवय म्हणून एअरगन मारावीशी वाटली, कुणी मारू नका, कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं. दुकानात देऊन साफ करून घेतला, ९०० रुपये आणि दोन संध्याकाळी. एका बाजारफेरीची किंमत.

तर आता नियम असा की बाहेर उभं राहून बदलावी लागेल अशी लेन्स न्यायचीच नाही, बदलायची ती हॉटेलात नाहीतर कुठंतरी टेबलावर बसून.

२ फेब्रुवारी, रविवार

किल्ल्यातली कमल बस्ती. अंधारात कुठली लेन्स चालते ते बघायचं होतं. १२०४ सालचं जैन मंदिर, आत जाल तसा उजेड कमी होत जातो, आणि खांब असे की लेथवर फिरवून काढलेत. मी रोज लेथ बघणारा माणूस, तरी तिथं दर वेळी थांबतोच, एवढा मोठा दगड फिरवला कसा आणि टूल धरलं कसं.

ट्रायपॉड उघडला तसा पहारेकरी आला. "स्टँड इल्ला री." पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी स्टँडला वेगळी परवानगी लागते, हातात धरून काढा म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. १३०० ग्रॅमचा ट्रायपॉड तिथंच यादीतून गेला, कारण तिकडच्या देवळांत तरी कोण उभा करू देणार होतं.

मग हातात धरून, त्याच खांबाचा, तेवढाच भाग, शटर १/३० सेकंद ठेवून. १८-१४० ३५ वर आणली की एफ ४.५ च्या खाली उघडत नाही, आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा वाढवतो तो आकडा, वाढेल तसा फोटो बिघडतो) गेला ६४००, कोरीवकाम मऊ लोण्यासारखं. ३५ एफ १.८ लावली तर तोच फोटो आयएसओ १००० ला. २२५ ग्रॅममध्ये. १८-१४० ला व्हीआर आहे, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय, खांब हलत नाही म्हणून १/८ ला पण चालून जातं, खरं खांबाजवळ पोरगीला उभी केली आणि व्हीआरचं काही चालेना, तिचा हात धुरासारखा आला. व्हीआर आपला हात सांभाळतो, समोरच्याचा नाही.

३५ पक्की.

९ फेब्रुवारी, रविवार

आज वाट चुकणार होतो. शहापूरचा दोस्त लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडं १७-५० एफ २.८ आहे, म्हणाला "एवढी एक ने की मर्दा, सगळ्या भानगडी मिटल्या". दिवसभर वापरली. मस्त आहे, उजेडाला १८-१४० पेक्षा सरस, रुंदी तेवढीच. जुनी विकत घ्यायची तर १७००० म्हणत होता आणि मी फोनवर बँकेचं ॲप उघडलं पण होतं. मग संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पोरगी लांब सायकल चालवायली होती तेव्हा ५० ला येऊन लेन्स अडकली. पोरगी काय "थांब, बाबा पळत येतोय" म्हटल्यावर थांबत नाही. पैसे वाचले.

जाता जाता अजून एक. त्याची जुनी डी७००० जादा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) म्हणून नेऊया असं ठरत होतं, एकावर १८-१४०, एकावर ७०-३००. माझी ७०-३०० एएफ-पी आहे, ती डी७००० वर लावली तर ऑटोफोकस सोडा, हातानं रिंग फिरवून पण फोकस हलत नाही. लेन्स बिघडली म्हणून पोटात गोळा, डी७५०० वर परत लावली तर ठणठणीत. एएफ-पी जुन्या बॉडींवर चालत नाही एवढंच. उसन्या बॉडीवर लेन्स लावून घरीच बघा.

१२ फेब्रुवारी

५० परत आली. काच साफ, धागे गेले. खूश होऊन पैसे लगेच पाठवले आणि रात्री भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढला तर डावीकडची अक्षरं मऊ, उजवीकडची कडक. एफ ८ ला पण तसंच. खोलून परत बसवताना कुठलीतरी काच तिरकी बसलीय. पैसे पाठवायच्या आधी बघायला पाहिजे होतं, ही चूक माझी. फोन केला, परत पाठवा म्हणाला, खरं आता वेळ नाही. ५० घरी.

१६ फेब्रुवारी, रविवार

७०-३०० ला शेवटची संधी. येळ्ळूरचा राजहंसगड, वरनं शहराकडं बघत काढले फोटो. ३०० ला सगळं दुधात बुडवल्यासारखं, घरं, झाडं, टाक्या, कशालाच धार नाही. लेन्सचा काही दोष नाही, मधे एवढे किलोमीटर हवा आणि धूळ आहे त्याला लेन्स काय करेल. हा लाँगला मार्चमध्ये धुकं आणि रिपरिप असते, तिथं लांबच्या डोंगरांचं हेच होणार. बायकोनं एका वाक्यात निकाल दिला, "तिकडं पक्षी बघायला चाललायसा काय?" नाही. ४६५ ग्रॅम कमी.

राहिली टोकिना.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कपिलेश्वरला गर्दी, रांग बाहेर रस्त्यावर आलेली. आज मुद्दाम फक्त ३५ घेऊन गेलो, बॅगच नाही, कॅमेरा गळ्यात, टोपण खिशात. पहिली दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटलं, हात सारखा झूमची रिंग शोधायचा. मग पायच पुढं-मागं व्हायला लागले. पणत्यांच्या उजेडात आईचा चेहरा, पोरगीच्या हातात बेल, एफ २, १/१००, आयएसओ १६००. दोन तासांत ५८ फोटो, त्यातले १५ घरच्यांच्या ग्रुपवर गेले, माझ्यासाठी हा विक्रमच.

टोकिनाची आठवण एकदाच आली, गाभाऱ्याच्या दारात. तिथं कॅमेरा काढायचाच नसतो, त्यामुळं ती पण धरत नाही. यादी झाली, १८-१४० आणि ३५.

५ मार्च

जुनी बॅग माळ्यावर. पोरगीच्या शाळेच्या जुन्या सॅकमध्ये दोन टॉवेलचे तुकडे शिवून कप्पा केला, बायकोनं मशीनवर वीस मिनिटांत केला, वजन ४१० ग्रॅम. सगळं धरून २१३५. पाच किलो सहाशेऐंशीवरनं इथवर यायला सात आठवडे गेले.

आईनं जादा बॅटरी चिवड्याच्या डब्याशेजारी मोठ्या बॅगेत घातली होती, "तिथं नीट राहील" म्हणून. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. काढली.

कॅमेऱ्याचं २०१९ चं बिल सापडत नाही. परत येताना हे तिकडं घेतलंय काय असं कस्टमनं विचारलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे. शेवटी जुन्या ईमेलमध्ये स्कॅन मिळालं. नाहीतर जाताना विमानतळावर कस्टमच्या काउंटरला सामान दाखवून, सीरियल नंबर लिहून सर्टिफिकेट घेता येतं. मी ते पण घेणार, ३५ चं बिल नाहीच आहे.

९ मार्च, मुंबई

सर्टिफिकेटला पस्तीस मिनिटं. नंबर आधीच कागदावर लिहून नेलेले म्हणून तेवढ्यात झालं, ३५ चा नंबर बारीक आहे, काउंटरवर वाचता आला नसता.

बॅग मोजली, ६ किलो ९००. माझ्यापुढं एकजण दोन मोठ्या लेन्स जॅकेटच्या खिशात घालायलेला, त्याच्याकडं बघून मला स्वतःचा जानेवारी आठवला.

१० मार्च, हनोई

भुरभुर पाऊस, राखाडी आभाळ, उजेड नाहीच. ३५ सकाळपासून लावून ठेवलीय. होआन कीम तळ्याकाठी एक म्हातारी खांद्यावरच्या कावडीतनं फळं विकायली होती, आईनं भाव विचारला मराठीत, तिनं सांगितला तिच्या भाषेत, आणि दोघी हसायलेल्या. तो फोटो कुठल्याच यादीत नव्हता.

चूक: घड्याळ दीड तास पुढं करायला विसरलो. मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो आता उलटसुलट लागणार.

१२ मार्च

हा लाँगला धुकं होतंच, डोंगर एकामागं एक फिके होत गेलेले, ७०-३०० चं दुःख संपलं. खरं सुंग सोतच्या गुहेत टोकिनाची लई आठवण आली. केवढी ती गुहा! १८ ला अर्धी पण मावत नाही. मोबाइलच्या ०.५ च्या रुंद कॅमेऱ्यानं काढले, स्क्रीनवर छान, मोठे केले की दाणे. २९ फोटो. तेवढ्यासाठी ६१० ग्रॅम दहा दिवस वाहायचे की नाही, मी नाहीच म्हणेन, खरं तिथं उभा होतो तेव्हा हळहळलो.

१३ मार्च, होई आन

दुपारी हॉटेलच्या एसीतनं बाहेर आलो आणि लेन्सवर दव. पुसली, परत आलं. वीस मिनिटं नुसता उभा. उद्यापासून बाहेर पडायच्या आधी अर्धा तास कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून गॅलरीत ठेवायचा, दव पिशवीवर धरतं, काच कोरडी.

आज त्यांच्या महिन्यातली चतुर्दशी, जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. बेळगावात आज होळी पेटली असेल. नदीत कागदी दिवे सोडलेले, नावा, गर्दी, कपिलेश्वरसारखीच रेटारेटी, आणि हाताला सगळं पाठ होतं, एफ २, १/१००, आयएसओ १६०० वरनं सुरुवात. पोरगी दिवा पाण्यावर ठेवताना, तोंडावर खालून उजेड. १८-१४० सॅकमध्येच राहिली.

१५ मार्च, मी-सन

चाम राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, १९६९ च्या बाँबफेकीत बरीच पडली. काही मंदिरांची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्यानंच केलीय, तिथं काम चालू असताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. आईनं चपला काढून नमस्कार केला. मला किल्ल्यातला पहारेकरी आठवला. कडक ऊन, दिवसभर १८-१४० एकटी, एकदाही बदलली नाही.

२२ मार्च, बेळगाव

मोजदाद केली. २३१६ फोटो, त्यातले १८-१४० चे १५९०, ३५ चे ७२६. घरच्यांनी छापायला निवडले ४०, त्यात ३५ चे २६. १८ एमएमचे परत १०० उघडले, आळसाचे ४१ निघाले. सुधारणा आहे, खरं सवय गेली नाही. घड्याळाची दीड तासाची चूक सॉफ्टवेअरमध्ये एकदम सगळ्या फोटोंची वेळ सरकवून निघाली.

खर्च दुरुस्ती, सेन्सर आणि डबा मिळून ३२४०, नवीन लेन्स शून्य. परत येताना कस्टमनं काही विचारलं नाही. टोकिना विकायला काढलीय, शहापूरचा दोस्त बघून गेला, घासाघीस चालू आहे. ७०-३०० विकणार नाही, थंडीत हिडकल धरणाला पक्षी येतात. ५० परत कोल्हापूरला पाठवलीय, या वेळी पैसे वर्तमानपत्राचा फोटो काढून झाल्यावर. डब्यातला आकडा आज ४७.